मनगटावरची नाडी आणि लोणावळ्यातली प्रयोगशाळा

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावात पहाटे रस्त्यावर धावणारी मुले दिसणे आता नवे राहिलेले नाही. कुणाला पोलीस भरतीची मैदानी चाचणी द्यायची असते, कुणाला सैन्यात जायचे असते. नवे आहे ते त्यांच्या मनगटावरचे घड्याळ. धावणे संपले की पाण्याच्या बाटलीआधी घड्याळ बघितले जाते. एकाच्या घड्याळात ठोके १७८, शेजारच्याच्या घड्याळात १२६. दोघे एकाच वेगाने, एकाच अंतरावर धावलेले. मग एकाला वाटते आपले हृदय कमजोर आहे, दुसऱ्याला वाटते आपण फारच तंदुरुस्त. घरी ओट्यावर बसलेले, अँजिओप्लास्टी झालेले आजोबाही मुलाने दिलेल्या घड्याळात तासातासाला आकडा पाहतात आणि आकडा बरा दिसला की छातीतली धडधड अंगावर काढतात.

यातली खरी काळजीची गोष्ट ही दुसरी आहे. घड्याळ मनगटावर जे टिपते ते हृदय नसते, हृदयाने ढकललेल्या रक्ताची तिथवर पोहोचलेली लाट असते. बहुतेक वेळा दोन्हींचा हिशेब जुळतो, पण कधी कधी जुळत नाही. हा फरक भारतात एकदा फार मोठ्या दाव्याच्या निमित्ताने तपासला गेला होता. योगी हृदय थांबवू शकतात, हा तो दावा. त्या तपासणीमागे अनेकांचे हात होते. पण योगाविषयी कोणतीही गोष्ट आधी मोजायची आणि मग बोलायची, ही सवय या देशात ज्यांनी रुजवली त्यांत एका मराठी माणसाचे नाव फार वर घ्यावे लागते. ते म्हणजे स्वामी कुवलयानंद.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातल्या डभोईचा. घरची परिस्थिती ओढगस्तीची. तरीही १९०३ मध्ये मॅट्रिक होताना संस्कृतसाठीची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली आणि त्या जोरावर बडोदा कॉलेजात प्रवेश घेतला. त्या काळात अरविंद घोष तिथे शिकवत होते. देशात टिळकांचे वारे होते. तरुण गुण्यांवर दोघांचाही प्रभाव पडला आणि आयुष्य देशसेवेला व शिक्षणाला द्यायचे त्यांनी ठरवले.

बडोद्यातच त्यांना पहिले गुरू भेटले. जुम्मादादा व्यायामशाळेचे राजरत्न माणिकराव हे त्या काळातले शरीरशिक्षणातले मोठे नाव. १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे गुण्यांनी त्यांच्याकडे भारतीय व्यायामपद्धती शिकून घेतली. दंड, बैठका, मल्लखांब यांच्या जगात वावरलेला माणूस शरीराकडे केवळ ग्रंथांतून पाहत नाही. स्नायू कुठे ताणला, दम कुठे लागला हे त्याला आतून माहीत असते. पुढच्या प्रयोगांना ही पार्श्वभूमी फार उपयोगी पडली.

यानंतरचा टप्पा बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला जवळचा वाटेल. गुणे खानदेशात, शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला आले आणि खानदेश शिक्षण संस्थेत शिकवू लागले. पुढे तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. कालांतराने ते महाविद्यालय बंद पडले. एखाद्या शिक्षकाच्या आयुष्यात हा मोठा धक्का असतो. गुण्यांच्या बाबतीत मात्र तोवर दुसरी ओढ लागून चुकली होती.

१९१९ मध्ये नर्मदेच्या काठी, बडोद्याजवळच्या मालसर इथे त्यांची गाठ परमहंस माधवदासजींशी पडली. माधवदासजी मूळचे बंगालचे, वयोवृद्ध योगी. मुंबईत योग संस्था काढणारे योगेंद्र हेही त्यांचेच शिष्य. माधवदासजींकडून गुण्यांनी आसने, बंध, क्रिया शिकून घेतल्या. शिकताना त्यांच्या मनात एक साधा प्रश्न घोळत राहिला: या क्रियांनी शरीरात नेमके काय होते? ग्रंथ सांगतात ते एक, शिष्य सांगतात ते दुसरे. आतमध्ये खरोखर काय घडते ते कुणी पाहिले होते?

मग त्यांनी पाहायचे ठरवले. साधन होते बडोद्याचे रुग्णालय आणि तिथले ओळखीचे डॉक्टर. विषय निवडला नौली आणि उड्डियान. नौली करताना पोटाचे उभे स्नायू पुढे काढून फिरवतात. पाण्यात बसून ती करणारा साधक गुदमार्गाने पाणी आत ओढून घेऊ शकतो, ही गोष्ट योग्यांना ठाऊक होती. पण पाणी वर चढते कसे? आतडी नेहमीच्या उलट दिशेने हालचाल करून ते खेचत असतील, असा एक अंदाज होता. क्ष-किरणांनी पोट पाहिले तेव्हा त्या अंदाजाला आधार मिळाला नाही. मग आतल्या दाबाची मोजणी झाली आणि उत्तर सापडले. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा खाली उतरतो, आत काही प्रमाणात निर्वात तयार होतो, म्हणून पाणी वर जाते. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला की होते तेच. या निर्वाताला त्यांनी गुरूंचे नाव दिले.

या गोष्टीत महत्त्वाचे काय, तर पहिला अंदाज चुकला तेव्हा त्यांनी उपकरणाला दोष दिला नाही आणि अंदाजही ओढूनताणून टिकवला नाही; दुसरे उपकरण लावले. दोन उपकरणांनी एकच गोष्ट दोन बाजूंनी पाहणे, ही पद्धत पुढे हृदयाच्या प्रश्नात कामी येणार होती.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभे राहिले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. गुणे आता स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले जाऊ लागले. आश्रम म्हटले की डोळ्यांपुढे येते ते चित्र आणि इथले चित्र यांत फरक होता. भगवी वस्त्रे होती, साधना होती; पण शेजारी दाब मोजणारी यंत्रे, वायू तपासण्याची साधने आणि नोंदवह्याही होत्या. सर्वांगासन, मत्स्यासन, शीर्षासन करताना रक्तदाब कसा बदलतो याचे आकडे १९२६ च्या अंकांतच छापून आले. आजच्या कसोटीवर हे प्रयोग तोकडे ठरतात, हे सांगायला हवे. प्रयोगात माणसे मोजकी, तीही बहुधा सरावातली. तुलनेसाठी दुसरा गट क्वचितच. पण त्या काळात योगाविषयी जे लिहिले जात होते त्याच्या ढिगात ही पाने वेगळी उठून दिसतात.

प्राणायामाचा किस्सा तर आजही अनेकांना रुचणार नाही. प्राणायामाने शरीराला भरपूर जादा प्राणवायू मिळतो, ही समजूत तेव्हाही होती, आजही बागेतल्या प्रत्येक योगवर्गात ऐकू येते. कुवलयानंदांनी श्वासातले वायू मोजून पाहिले आणि प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या जादा साठ्यात नाही, ते दुसरीकडे शोधावे लागेल, असे स्वतःच लिहून टाकले. योगाच्या प्रचारासाठी आयुष्य वाहिलेल्या माणसाने योगाचा सर्वांत खपणारा फायदा आपल्या हाताने खोडावा, याला हिंमत लागते.

१९२७ मध्ये गांधीजींचा रक्तदाब वाढला तेव्हा त्यांनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता. मुंबई इलाख्यात शाळांतल्या शरीरशिक्षणाला वळण देणाऱ्या सरकारी समित्यांवरही त्यांनी काम केले. १९३० च्या दशकात मुंबईत शाखा निघाली आणि योग हा उपचार म्हणून सामान्य रुग्णांपर्यंत पोहोचला. या सगळ्यावर स्वतंत्र लिहिता येईल. इथे मात्र वळायचे आहे ते हृदयाकडे.

१९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच हृदयतज्ज्ञ भारतात आल्या. सोबत त्यांनी हृदयाचा विद्युत् आलेख, म्हणजे आज ज्याला आपण ईसीजी म्हणतो तो काढणारे, हलवता येईल असे यंत्र आणले होते. योग्यांच्या छातीवर ते लावून त्यांनी नोंदी घेतल्या. त्यांपैकी एका नोंदीत आलेखाच्या लाटा इतक्या खुजा झाल्या की हृदय जवळजवळ थांबले असावे, असा अर्थ लावला गेला. ही बातमी जगभर पसरली. ज्यांना चमत्कार हवा होता त्यांना तो आता यंत्राच्या शिक्क्यासह मिळाला.

पण त्या प्रसिद्ध झालेल्या नोंदीत एक अडचण होती. ती एकाच लीडची होती. ईसीजीची लीड म्हणजे हृदयाकडे बघायची एक खिडकी. माणसाने पोट आत ओढले, छातीचा आकार बदलला, की आतले हृदय थोडे फिरते, सरकते. मग एका खिडकीतून लाट लहान दिसते. दुसरीतून पाहिले तर ती तशीच असते. आज दवाखान्यात छातीवर आणि हातापायांवर इतक्या तारा लावून बारा लीडचा आलेख काढतात तो याचसाठी.

या दाव्याची नीट झडती व्हायला आणखी दोन दशके लागली. १९५७ मध्ये अमेरिकेतून मॅरियन वेंगर आणि बसू कुमार बागची हे दोन शास्त्रज्ञ आले आणि काही महिने भारतभर फिरले. बागची मूळचे बंगाली; तरुणपणी स्वामी धीरानंद या नावाने संन्यासी होते, मग ते सोडून मेंदूच्या विद्युत् आलेखांचे अभ्यासक झाले. म्हणजे योग्यांशी कसे बोलायचे आणि यंत्राकडे कसे बघायचे, दोन्ही त्यांना ठाऊक. त्यांच्या दौऱ्यात कुवलयानंदांचे लोणावळे हे महत्त्वाचे ठाणे होते. अनेक वर्षे शिस्तीत सराव केलेले आणि अंगाला तारा लावून घ्यायला न कचरणारे साधक दुसरीकडे सहज मिळाले नसते. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे बी. के. आनंद त्यांना येऊन मिळाले.

हृदयाविषयीचा त्यांचा निबंध १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय थांबवण्याचा किंवा मंद करण्याचा दावा करणारे चार योगी त्यांनी तपासले होते. त्यांपैकी तिघांची पद्धत सारखीच निघाली. श्वास रोखायचा, कंठ बंद करायचा आणि छाती व पोटाचे स्नायू जोराने आवळायचे. मनगटाला हात लावणाऱ्याला नाडी लागेनाशी झाली. स्टेथोस्कोपला ठोके ऐकू येईनात. जुन्या काळचा वैद्य असो की नवा डॉक्टर, दोघांनीही हृदय थांबले असेच म्हटले असते. ईसीजी मात्र एकामागून एक ठोके शांतपणे काढत होता. बोटावर लावलेले, रक्ताची लहर मोठी करून दाखवणारे यंत्रही बारीक लहरी दाखवतच होते.

घडत होते ते असे. श्वास कोंडून छाती आवळली की छातीतला दाब वाढतो. शरीरातून हृदयाकडे परतणाऱ्या शिरा त्या दाबाखाली चेपतात. हृदयात रक्तच कमी येते, म्हणून प्रत्येक ठोक्याला बाहेर पडते तेही थोडेच. मोटर चालू, विहिरीत पाणी नाही, अशी गत. पाण्याचा पाइप हाताला थंड आणि रिकामा लागला म्हणून मोटर बंद आहे असे कुणी म्हणेल का? मनगटावरच्या नाडीबाबत नेमकी हीच चूक होत होती. चौथ्या साधकाने वेगळ्या युक्तीने ठोके खरोखर बरेच मंद करून दाखवले, हेही त्या निबंधात प्रामाणिकपणे नोंदले आहे. थांबवले मात्र कुणीच नाही. (रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी श्वास कोंडून छाती आवळण्याचा हा प्रकार गंमत म्हणूनही करू नये.)

बोटावर लहर टिपणारे ते यंत्र आणि आजचे स्मार्टवॉच हे एकाच घराण्यातले. कातडीवर उजेड टाकायचा, परत येणारा उजेड मोजायचा. रक्ताची लाट आली की उजेड जास्त शोषला जातो, ओसरली की कमी. अमेरिकेतल्या आल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकात या तंत्राचा पाया घातला. घड्याळाच्या पाठीला लुकलुकणारा हिरवा दिवा तेच करतो. म्हणून त्याचे गुण तेच आणि दोषही तेच.

माणूस स्वस्थ बसलेला असेल, पट्टा नीट असेल, ठोके नियमित असतील, तर चांगल्या घड्याळाचा आकडा बहुतेक वेळा विश्वासार्ह असतो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ मध्ये सात उपकरणे ६० जणांवर तपासली. त्यांपैकी सहांची ठोक्यांतली चूक ५ टक्क्यांच्या आत होती. त्याच अभ्यासात खर्च झालेल्या कॅलरींचा हिशेब मात्र पार कोसळला: त्यातल्या त्यात बरे उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होते आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. घड्याळाने सांगितलेल्या कॅलरी पाहून जिलेबीचा हिशेब करणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. काळ्या-सावळ्या कातडीवर घड्याळे चुकतात का, ही शंका आपल्याकडे साहजिक आहे. ड्यूक विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात कातडीच्या रंगाने लक्षणीय फरक पडलेला दिसला नाही. हालचालीच्या वेळची चूक मात्र विश्रांतीच्या वेळेपेक्षा सरासरी ३० टक्क्यांनी जास्त होती.

म्हणजे धामणगाव बढेच्या रस्त्यावर धावणाऱ्या दोघांतला फरक हृदयात असेलच असे नाही. धावताना हात हलतो, घड्याळ कातडीवर घसरते, मधून बाहेरचा उजेड शिरतो. कधी कधी तर घड्याळ रक्ताच्या लाटेऐवजी पावलांचा ठेकाच मोजू लागते. मिनिटाला पावले १७८ पडत असतील तर ठोकेही १७८ दाखवते. हिवाळ्याच्या पहाटे हात गारठले की मनगटाच्या कातडीतले रक्त कमी होते आणि लाट आणखी बारीक होते. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, हलणार नाही इतपत घट्ट बांधला तर पुष्कळ फरक पडतो. सरावासाठी नेमका आकडा हवाच असेल तर छातीला बांधायचा पट्टा बरा. तो उजेडावर नाही, हृदयाच्या विजेवर चालतो.

ओट्यावरच्या आजोबांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. वयाबरोबर होणाऱ्या एट्रियल फिब्रिलेशनसारख्या विकारात हृदय अनियमित धडधडते. काही ठोके इतके घाईने पडतात की हृदय भरायलाच वेळ मिळत नाही. तो ठोका मनगटापर्यंत पोहोचतच नाही. हृदय ११० वेळा धडधडत असताना मनगटावर ८५ लाटा पोहोचल्या तर घड्याळ ८५ च्या आसपासचा आकडा दाखवणार आणि तो आकडा निर्धास्त करणारा दिसणार. लोणावळ्याच्या साधकाने स्नायू आवळून जे केले, ते इथे आजार करतो. अशा वेळी तपासणारा डॉक्टर एका हाताने नाडी धरून छातीला स्टेथोस्कोप लावतो आणि दोन्ही मोजण्या ताडून पाहतो, मग ईसीजी काढतो. छातीत दुखणे, दम लागणे, भोवळ येणे यांपैकी काही असेल तर घड्याळ काय म्हणते याची वाट पाहू नये. तडक दवाखाना गाठावा.

स्वामी कुवलयानंदांनी १८ एप्रिल १९६६ रोजी देह ठेवला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, त्यांच्या प्रयोगशाळेतल्या करंबेळकर, विनेकर आणि भोळे या अभ्यासकांनी हवाबंद खड्ड्यात बसलेल्या माणसांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. जमिनीत पुरून घेणाऱ्या योग्यांचा दावाही असा वायू मोजूनच तपासला गेला. ‘योगमीमांसा’ आजही निघते.

ज्याला घड्याळ घ्यायचे नाही किंवा घेतलेल्याची परीक्षा पाहायची आहे, त्याच्यासाठी साधन हाताशीच आहे. पाच मिनिटे शांत बसावे. एका हाताचा तळवा वर करून, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दुसऱ्या हाताची दोन बोटे ठेवावीत; अंगठा ठेवू नये, त्याची स्वतःची धडधड मध्ये येते. नाडी नियमित लागत असेल तर ३० सेकंद मोजून दुप्पट करावी, अडखळत असेल तर पूर्ण मिनिट मोजावी. बसलेल्या प्रौढ माणसात साधारण ६० ते १०० हा आकडा ठीक. रोज धावणाऱ्या मुलाचा ५० च्या घरातही असू शकतो. त्याच वेळी घड्याळातला आकडा पाहून दोन्ही एका कागदावर लिहावेत. असे आठवडाभर करावे. दोन्हींत सतत मोठा फरक येत असेल किंवा बोटांना नाडी वरचेवर चुकल्यासारखी लागत असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि ईसीजी काढून घ्यावा.